२२ दिवस स्वित्झर्लंड, आणि तेही निवांत

प्रश्न थोडक्यात असा आहे: नवरा-बायको, दोघंही साठीच्या आसपास, नोकऱ्या संपल्यात, मे महिन्यात २२ दिवस स्वित्झर्लंडला जायचंय, गाडी चालवायची नाही, सगळं ट्रेनने, एकाचा गुडघा कुरकुरतो, आणि "आम्हाला निवांत फिरायचंय" हे दोनदा लिहिलंय. त्याखाली प्लॅन जोडलाय, त्यात झुरिक, लुझर्न, इंटरलाकन, ग्रिंडेलवाल्ड, बर्न, माँत्रो, जिनिव्हा, झरमॅट, लुगानो, सेंट मॉरिट्झ आणि आपेनझेल अशी अकरा गावं, प्रत्येकी दोन रात्री, कुठे एक.

स्पष्ट बोलते, राग मानू नका, पण ते वाक्य आणि हा प्लॅन एकाच माणसाने लिहिलाय असं वाटत नाही. मी बरीच वर्षं लोकांना लांबलचक ट्रिपा आखून देते आणि डोंगराळ देशांत स्वतःही भरपूर भटकलेय, त्यामुळे हा प्लॅन बघितल्या बघितल्या कुठल्या दिवशी तुमचं भांडण होणार तेही सांगू शकते (नववा दिवस, बर्नचं स्टेशन, दोन मोठ्या बॅगा).

फसगत कशी होते माहितीये का, देश छोटासा, नकाशावर सगळं हाकेच्या अंतरावर, ट्रेन मिनिटावर सुटतात, म्हणून माणसाला वाटतं की काय हरकत आहे, तेही बघून घेऊ. पण तिथे किलोमीटर मोजून उपयोग नाही, मध्ये डोंगर असतो. वेंगन (इंटरलाकनजवळचं डोंगरातलं गाव, पुढे मी तेच सुचवणार आहे) ते झरमॅट सरळ रेषेत ६५-७० किलोमीटर असेल. प्रत्यक्षात वेंगनहून दात्यांची (रुळांमधल्या दातेरी पट्टीत चाकाचे दाते अडकवून चढ-उतार करणारी) ट्रेन खाली लाउटरब्रुनेनला, तिथून इंटरलाकन ओस्ट, तिथून श्पीत्स, मग २००७ साली सुरू झालेल्या साडेचौतीस किलोमीटरच्या लोचबर्ग बोगद्यातून फिस्प, आणि तिथून परत दरी चढत झरमॅट, म्हणजे चार वेळा गाडी बदलणं आणि साधारण तीन तास. तीन तास म्हणजे काहीच नाही हो, पण आदल्या रात्री बॅगा भरा, सकाळी दहाला रूम सोडा, नवीन रूम मिळणार तीनला, तोवर बॅगा कुठे ठेवायच्या ते बघा, संध्याकाळी दुकान कुठे, बस कुठून सुटते, गीझर कसा चालतो हे सगळं पहिल्यापासून शिका. दिवस संपला. अकरा गावं म्हणजे असे दहा दिवस. बावीसातले दहा गेले, आणि उरलेल्यांत पाऊस पडणारच आहे.

तेव्हा पहिलं काम म्हणजे गावं चारवर आणा. माझ्या मते लुझर्न ४ रात्री, वेंगन ६, झरमॅट ४, पोन्ट्रेसिना (सेंट मॉरिट्झऐवजी, त्याच्या जवळचंच) ६, आणि शेवटची १ रात्र झुरिक, विमान गाठायला. एकवीस रात्री झाल्या. इंटरलाकन आणि ग्रिंडेलवाल्ड या दोन्हीकडे वेगळं राहायची गरजच नव्हती, ट्रेनने जेमतेम पस्तीस-चाळीस मिनिटांवर आहेत एकमेकांपासून. बर्न इंटरलाकनहून तासाभराच्या आत येतं, दिवसभर जाऊन या, संध्याकाळी आपल्याच बिछान्यात. जिनिव्हा, माँत्रो, लुगानो आणि आपेनझेल सरळ कापलेत. लुगानोसाठी वाईट वाटेल, पण इटालियन बाजूची सोय पुढे केलीये.

दुसरं, मे नको. हे मी प्रत्येकाला सांगते आणि निम्मे लोक ऐकत नाहीत. स्कीचा सीझन संपला की एप्रिलअखेर ते मे-जूनपर्यंत कित्येक रोपवे दुरुस्तीसाठी बंद असतात, हॉटेलवालेही याच दिवसांत सुट्टीवर जातात, आणि दोन हजार मीटरच्या वरच्या वाटांवर जूनच्या उत्तरार्धापर्यंत बर्फ असू शकतं. खाली दरीत मे सुंदर असतो, धबधबे फुल्ल, फुलं, सगळं खरं, पण वर जाता आलं नाही तर तीन आठवडे करायचं काय. तुम्हाला शाळेच्या सुट्टीचं बंधन नाहीये ना, मग ऑगस्टच्या शेवटच्या दिवसांत निघा आणि सप्टेंबरचे वीस दिवस घ्या. गर्दी ओसरते, जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी गडगडाट करून येणारे वादळी पाऊस कमी होतात, वाटा कोरड्या असतात, रोपवे चालू असतात, आणि नशीब असेल तर माथ्यावरच्या कुरणांतून फुलांनी सजवलेल्या गाई खाली गावात आणतात तेही बघायला मिळेल. त्याची तारीख शोधून त्यावर प्लॅन बांधू नका मात्र, दिसलं तर दिसलं.

आता मुख्य गोष्ट, जी कुठल्याही तयार प्लॅनमध्ये नसते. डोंगरावर कुठल्या तारखेला जायचं ते घरून ठरवायचं नाही. मी पहिल्यांदा गेले तेव्हा तीन हजार मीटरच्या वरच्या एका ठिकाणचं महागडं तिकीट तीन आठवडे आधी तारीख टाकून घेतलं होतं, मोठ्या हुशारीने. त्या दिवशी वर काचेच्या मागे पांढरी भिंत. आम्ही दोन तास त्या भिंतीकडे बघत कॉफी प्यायलो. दुसऱ्या दिवशी सकाळी आठपासून आकाश असं निळं की शिखरावरची प्रत्येक भेग दिसत होती, आणि आम्ही बॅगा घेऊन पुढच्या गावाच्या गाडीत बसलो होतो, कारण दोनच रात्री बुक होत्या. सहा रात्रींचा मुक्काम यासाठी असतो, स्वच्छ दिवस येईपर्यंत थांबता यावं म्हणून.

याच्या उलटंही होतं. सप्टेंबरातली लुझर्नची एक सकाळ आठवते, खिडकीबाहेर तळं दिसत नव्हतं, समोरची बिल्डिंगसुद्धा नाही, आम्ही आपले म्युझियमला जायचं ठरवून ब्रेड खात बसलो होतो. घरमालकीणबाईंनी काही न बोलता फोन समोर धरला, त्यावर जवळच्या रिगी डोंगराच्या माथ्यावरचा वेबकॅम, लख्ख ऊन. मग धावतपळत बोट पकडली, धुक्यात भोंगा देत देत फित्स्नाउला पोचली, तिथून लाल दात्यांची गाडी. काचेवर नुसते थेंब, बाहेर राखाडी, आणि एका वळणानंतर डब्यात एकदम इतका उजेड आला की सगळ्यांनी डोळे बारीक केले. खाली पांढरा समुद्र, त्यातून समोरच्या पिलाटस डोंगराचं डोकं तेवढं वर आलेलं. शरद ऋतूत तिथे हे नेहमीचं आहे, थंड हवा दरीत बसते, धुकं खाली, ऊन वर. म्हणून खिडकीबाहेर बघून काहीही ठरवायचं नाही. सकाळी साडेसातला वेबकॅम, मेटिओस्विस या तिथल्या हवामान खात्याचं ॲप, मग निर्णय. (ती फित्स्नाउ-रिगी रेल्वे १८७१ ची आहे, युरोपातली पहिली डोंगर चढणारी दात्यांची रेल्वे, आणि रिगी कुल्म १७९८ मीटरवर आहे, म्हणजे पहिल्या दोन-तीन दिवसांत झोपेचं वेळापत्रक बिघडलेलं असताना झेपेल इतकंच उंच. लुझर्न पहिलं ठेवलंय ते याचसाठी.)

तर प्रत्येक गावासाठी तारखांचा तक्ता करू नका, तीन याद्या करा. स्वच्छ दिवसाची, ढगाळ दिवसाची आणि पावसाची. वेंगनचं उदाहरण देते. स्वच्छ दिवस असेल तर रोपवेने मेनलिखेन आणि तिथून क्लाइन शाइडेगपर्यंत चालत, साडेचार किलोमीटर, दीड तासाची रुंद वाट, आयगर, मोंख आणि युंगफ्राउ ही तिन्ही शिखरं पूर्ण वेळ समोर. किंवा १८९३ पासून चालणाऱ्या छोट्या गाडीने शिनिगे प्लाट, तिथूनही तेच त्रिकूट दिसतं. ढगाळ असेल तर समोरच्या कड्यावर ग्रुचआल्पहून म्युरेनपर्यंतची जवळजवळ सपाट वाट, वाटेत विंटरएगला ट्रेनचं स्टेशन आहे, कंटाळा आला किंवा गुडघा बोलायला लागला की गाडीत बसायचं. आणि पाऊस कोसळत असेल तर ट्रुमेलबाख, हा धबधबा डोंगराच्या पोटात आहे, वरच्या हिमनद्यांचं पाणी सेकंदाला २० हजार लिटरपर्यंत तिथून उतरतं, लिफ्टने आत जायचं आणि बोगद्यांतून बघायचं, पायऱ्या ओल्या असतात तेवढं सांभाळा. नाहीतर बर्न, तिथल्या जुन्या बाजारपेठेत दुकानांपुढे साधारण सहा किलोमीटरच्या कमानी आहेत, छत्री न उघडता दिवस जातो.

युंगफ्राउयोखबद्दल विचारलंत. ३४५४ मीटरवरचं स्टेशन, रेल्वे १९१२ ची, बांधकाम म्हणून थक्क करणारं आहे यात वाद नाही. पण पूर्ण भाडं माणशी २०० फ्रँकच्या वर जातं, आणि आठशे मीटरवरच्या लाउटरब्रुनेनहून दोनेक तासांत तेवढ्या उंचीवर गेलं की साठीत डोकं जड होणं साहजिक आहे. जायचंच असेल तर वेंगनच्या चौथ्या-पाचव्या दिवशी जा, तोवर शरीर सरावलेलं असतं, वर गेल्यावर हळू चाला, आणि तिकीट आदल्या संध्याकाळी किंवा त्याच सकाळी वेबकॅम बघून काढा. सीझनमध्ये जागा भरतात हे खरं, सप्टेंबरात शनिवार-रविवार सोडून सकाळी लवकर निघालं की सहसा अडचण येत नाही. नाही गेलात तरी काही बिघडत नाही, माझं वैयक्तिक मत विचाराल तर मी तेच पैसे झरमॅटच्या गोरनरग्राटवर घालेन.

गोरनरग्राट ३०८९ मीटर, १८९८ पासूनची रेल्वे, आणि परत येताना एक स्टेशन खाली रोटेनबोडनला उतरून पाच-दहा मिनिटांवर रिफेलझे नावाचं छोटं तळं आहे, वारा नसेल तर त्यात मॅटरहॉर्नचं शिखर उलटं दिसतं. म्हणून पहिली-दुसरी गाडी पकडा, दुपारी वारा सुटतो आणि तळ्यात नुसत्या सुरकुत्या. झरमॅटला पेट्रोलच्या गाड्या नाहीत, बाहेरून येणाऱ्यांना टेशला गाडी ठेवावी लागते, तुम्ही ट्रेननेच येताय त्यामुळे प्रश्नच नाही. पावसाच्या दिवशी तिथलं म्युझियम बघा, १८६५ साली मॅटरहॉर्नवर पहिल्यांदा माणसं पोचली आणि उतरताना सातातले चार गेले, तेव्हा तुटलेला दोर तिथे ठेवलाय. इतका बारीक आहे की बघून विश्वास बसत नाही.

गुडघ्याचं बोलू. सगळे लोक रोपवेने वर जातात आणि चालत खाली येतात, कारण उतार सोपा वाटतो. गुडघेदुखीवाल्याने बरोबर उलटं करायचं. सपाट किंवा हलक्या चढाचं चाला आणि उतरताना गाडीत बसा. दोन काठ्या घ्या, एक नाही. आणि पिवळ्या पाट्यांवर जे लिहिलेलं असतं ते अंतर नसतं, वेळ असते, तीही न थांबता चालणाऱ्याची. फोटो, पाणी आणि "जरा बसूया" धरून दीडपट करा. पिवळ्या खुणांच्या वाटा साध्या, पांढऱ्या-लाल-पांढऱ्या म्हणजे डोंगरवाट, तिथे पाय टाकायला जागा बघावी लागते, आणि पांढऱ्या-निळ्या-पांढऱ्या खुणेची वाट आपली नाहीच. चालायला सुरुवात करण्याआधी शेवटची गाडी किंवा शेवटचा रोपवे खाली किती वाजता येतो ते बघून ठेवा, बऱ्याच ठिकाणी पाचच्या सुमारासच बंद होतात.

झरमॅट ते पोन्ट्रेसिना हा या ट्रिपमधला एकच लांब दिवस, जवळजवळ आठ तास. त्याला त्रास समजू नका, त्या दिवसाचं फिरणंच ते आहे. ग्लेशियर एक्सप्रेस याच मार्गावर धावते, २९१ पूल आणि ९१ बोगदे, मोठ्या काचा, जागेवर जेवण, रिझर्वेशन सक्तीचं आणि त्याचे पैसे वेगळे. पण त्याच रुळांवर साध्या लोकल गाड्याही जातात, रिझर्वेशन नाही, काही डब्यांच्या खिडक्या उघडतात (काचेतून फोटो काढलेत की तुमचंच प्रतिबिंब येतं), आणि आंडरमाटला उतरून निवांत जेवून पुढची गाडी धरता येते. मी लोकलच्या बाजूची आहे. आंडरमाटनंतर गाडी २०३३ मीटरच्या ओबरआल्प खिंडीवरून जाते, आणि शेवटच्या टप्प्यात फिलिझूरच्या अलीकडे लांडवासरचा पूल येतो, ६५ मीटर उंच, वळत वळत सरळ कड्यातल्या बोगद्यात घुसणारा. तो मिनिटाभरात संपतो, त्यामुळे त्या आधी डुलकी काढू नका.

सेंट मॉरिट्झ सोडून पोन्ट्रेसिना का, तर शांत आहे, १८०० मीटरवर आहे, आणि स्टेशनामागूनच रोझेगच्या दरीत सात किलोमीटरचा सौम्य चढाचा रस्ता जातो, चालायचं नसेल तर घोडागाडी. इथे तुम्हाला स्वित्झर्लंडची चौथी भाषा ऐकू येईल, रोमान्श, "अलेग्रा" म्हणा, समोरचा खूश होतो. मोर्टेराचला नक्की जा. स्टेशनवरून हिमनदीच्या दिशेने वाट जाते आणि त्या वाटेवर ठराविक अंतरावर सालांच्या पाट्या आहेत, त्या साली बर्फ इथपर्यंत होतं असं सांगणाऱ्या. पाटी ओलांडली की पुढची पाटी, मग पुढची, आणि बर्फ अजून लांबच. माझ्यासोबतच्या एक काकू आपल्या जन्मसालाच्या जवळपासच्या पाटीपाशी थांबल्या आणि बराच वेळ पुढे आल्याच नाहीत.

आणि इटालियन बाजू म्हणत होते ती अशी: पोन्ट्रेसिनाहून बर्निनाची लोकल गाडी २२५३ मीटरच्या खिंडीवरून ब्रुसिओच्या गोल पुलावर स्वतःभोवती फिरून खाली टिरानोला उतरते, ४३० मीटरच्या आसपास, म्हणजे सकाळी स्वेटर आणि दुपारी इटलीत अर्ध्या बाह्या. दोन-सव्वादोन तास लागतात. पासपोर्ट खिशात ठेवा, देश बदलतो. डोंगराच्या उत्तरेला पाऊस असताना दक्षिणेला ऊन असतं असं बरेचदा होतं, म्हणून ही सहल मी ढगाळ दिवसाच्या यादीत ठेवते. दुसरा पर्याय मालोया खिंड उतरून सोल्योचा, पिवळी पोस्टाची बस अरुंद वळणांवर तीन सुरांचा हॉर्न वाजवत जाते, वर दगडी छपरांचं गाव आणि खाली चेस्टनटची झाडं.

पासांचं गणित सगळ्यांना अवघड वाटतं, पण निवांत ट्रिपला ते सोपं होतं. स्विस ट्रॅव्हल पास जास्तीत जास्त १५ दिवसांचा, आणि तो रोज खूप प्रवास करणाऱ्याला परवडतो. तुम्ही निम्मे दिवस एकाच दरीत असणार. शिवाय उंच रोपवेंवर बऱ्याच ठिकाणी त्यात पूर्ण सूट नसते. म्हणून तुम्ही हाफ फेअर कार्ड घ्या, एक महिना चालतं, ट्रेन-बस-बोट आणि बहुतेक डोंगरी गाड्यांना अर्धं भाडं. गाव बदलायच्या दिवसांसाठी, ते आधीच ठरलेले असतात म्हणून, सेव्हर डे पास बघा, जितका आधी घ्याल तितका स्वस्त. आणि प्रत्येक मुक्कामी गेस्ट कार्ड मागून घ्या, बऱ्याच गावांत त्यावर स्थानिक बस फुकट असते, एंगाडीनमधली (पोन्ट्रेसिनाच्या भागातली) काही हॉटेलं रोपवेही धरतात, बुकिंगच्या आधी ईमेल करून विचारा.

खाणं महाग आहे, ते बोलून बदलणार नाही. वेंगन आणि पोन्ट्रेसिनाला किचनवाली जागा घ्या, मिग्रो किंवा कोपमधून सामान आणा, शनिवारी संध्याकाळच्या आत, कारण रविवारी मोठ्या स्टेशनांतली सोडून बहुतेक दुकानं बंद. बाहेर जेवायचं तर दुपारचं रोजचं ताट घ्या, रात्रीपेक्षा बरंच स्वस्त पडतं, पण दोनच्या आत पोचा, त्यानंतर किचन बंद होतं आणि सहापर्यंत केकवर भागवावं लागतं. पाणी विकत घेऊ नका, गावातल्या कारंज्यांचं पाणी पितात, "काइन ट्रिंकवासर" लिहिलेलं असेल तिथलं तेवढं नाही.

व्हिसा शेंगेनचा, फी ९० युरो, सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, विमा किमान ३० हजार युरोचा लागतो. मुक्कामांची बुकिंग्ज दाखवावी लागतात, फुकट रद्द करता येणारी घ्या, आणि चारच गावं असली की ती फाईलही सुटसुटीत होते. विमा घेताना डोंगरातून हेलिकॉप्टरने उचलून आणायचा खर्च धरलाय का ते वाचा. तिथल्या हवाई बचाव सेवेचा, रेगाचा, नंबर १४१४, फोनमध्ये टाकून ठेवा.

बॅग माणशी एक, मध्यम, स्वतःला डब्यात चढवता येईल एवढीच. नाहीच जमलं तर रेल्वेची स्टेशन ते स्टेशन सामान पाठवायची सोय आहे, बॅग पोचायला दोनेक दिवस लागतात, तेवढ्यापुरते कपडे पाठपिशवीत ठेवायचे, झरमॅट-पोन्ट्रेसिनाच्या लांब दिवसासाठी मी ती वापरते.

गुडघा कुणाचा दुखतो आणि चढताना की उतरताना, हे प्रश्नात आलेलं नाही. उतरताना असेल तर वर लिहिलंय तसंच करा, फक्त मेनलिखेनची वाट उलटी, क्लाइन शाइडेगहून चाला. चढताना दुखत असेल तर मेनलिखेनची वाट अशीच ठेवा, ती क्लाइन शाइडेगकडे हलकी उतरतीच आहे, ग्रुचआल्पची मात्र दिशा बदला, म्युरेनहून निघा, आणि रोझेगला जाताना घोडागाडी आणि येताना पायी.